तीन पावसाळे टिकलेलं फिश फाइंडर

माझं पहिलं फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, बंद पडलं तेव्हा त्याच्याबरोबर मी त्यात नोंदवलेल्या मासेमारीच्या एक्केचाळीस जागा गेल्या. दुर्भाटच्या धक्क्यापासून बोरीच्या पुलापर्यंत, गोव्यातल्या जुवारी नदीच्या दोन्ही काठांनी दोन वर्षं कयाक वल्हवून मी त्या गोळा केल्या होत्या. मानशीसमोरचे (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार म्हणजे मानस) डोह, बांधाच्या पायथ्याशी पडलेले खड्डे, कालवं लागलेले खडक, कधीकाळी जाळ्यांसाठी रोवलेले आणि आता पाण्याखाली मोडून राहिलेले खुंट. कागदावर एकही उतरवली नव्हती. यंत्रात आहेत, असं समजून मी निर्धास्त होतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी बटण दाबलं, पडदा एकदा उजळला आणि परत काळा झाला तो कायमचा.

मी फोंड्याला राहतो. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. मोटारी, पॅनेल, केबली हे माझं रोजचं काम. आजोळ दुर्भाटचं. मामांचं घर खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताच्या, कडेला आहे आणि माझी कयाक त्यांच्याच पडवीत टांगलेली असते. दहा फुटी, वर बसून वल्हवायची, पॉलिथिलीनची. रविवारी पहाटे चहा झाला की मी ती उतरवतो. चणक मिळाला तर दिवस सोन्याचा (मुंबईकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच हा), नाहीतर तांबसो, गोबरो, आणि तेही नसले तर काळुंद्रं.

गेल्या काही महिन्यांत कयाकवाल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: टिकाऊ फिश फाइंडर कुठलं घ्यावं? प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगितलं. आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

सुरुवात मेलेल्या यंत्रापासून करायला हवी, कारण मला जे कळलं ते त्याच्याच पोटातून कळलं. ते हातात मावणारं होतं. बॅटरी आतच बंद केलेली, चार्जिंगच्या तोंडावर रबरी झाकण. ज्या दुकानातून घेतलं त्यांनी सांगितलं की हे दुरुस्त होत नाही, नवीनच घ्यावं लागेल. मग मी ते घरी उघडलं. पाणी आत शिरून मुख्य पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय चढली होती. पण माझी नजर गेली ती चार्जिंगच्या टाचण्यांकडे. ऋण बाजूची टाचणी जवळजवळ नवी होती आणि धन बाजूची मुळापर्यंत खाल्लेली. पडदा गेला तरी बॅटरीत जीव होता. मीटर लावला तर त्या टाचण्यांवर अजूनही व्होल्ट दिसत होते.

कारखान्यात समुद्राकडून येणाऱ्या हवेत मी हे पाहिलेलं आहे. दोन धातूंच्या टोकांवर डीसी दाब असेल आणि मध्ये खारट ओल असेल, तर धन टोक विरघळत जातं. मुलामा चढवायच्या टाकीत मुद्दाम करतात तेच इथे नकळत होतं. पाण्यात बुडायचीही गरज नसते. मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच पाझरायला लागतो. जूनमध्ये स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते याचमुळे. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. म्हणजे मी ते यंत्र पुसून, कोरडं करून कपाटात ठेवत होतो तेव्हाही त्या रबरी झाकणाखाली मिठाचा एक थेंब ओला राहून टाचणी खात होता. झाकण उघडून गोड्या पाण्याने धुवायला हवं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

म्हणून टिकाऊ यंत्र शोधताना मी खोक्यावरच्या आकड्यापाशी थांबत नाही. ‘आयपीएक्स ७’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडवून तपासलं. हा आकडा असावाच, तो नसेल तर ते यंत्र कयाकवर नेऊच नये. पण ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, नव्या कोऱ्या यंत्राची असते, आणि अर्ध्या तासाची असते. दोन वर्षांचं खारं पाणी, ऊन, आणि दर रविवारी काढलेला-घातलेला कनेक्टर, यांबद्दल तो आकडा काही सांगत नाही. ‘आयपी ६७’ असेल तर धूळही शिरत नाही एवढंच जास्तीचं. त्या आकड्याच्या पलीकडे मी एकच गोष्ट बघतो: कुठला भाग आधी मरेल, आणि तो मला पाच-पन्नास रुपयांत बदलता येईल का?

या कसोटीला आत बंद केलेल्या बॅटरीची सगळी यंत्रं माझ्यासाठी बाद झाली. दोरीला बांधून पाण्यात फेकायचा, आवाजाने तळ शोधणारा सोनारचा चेंडू येतो, डीपर कंपनीचा असतो तसा, जो वायफायने फोनवर चित्र दाखवतो. धक्क्यावर बसून गरी टाकणाऱ्याला तो उत्तम आहे. कयाकवर मात्र फोन उन्हात तापतो, ओल्या बोटांना दाद देत नाही, आणि पाण्याला ओढ असली की चेंडू कयाकच्या मागे घसटत राहतो. मला हवं होतं ते वेगवेगळ्या भागांचं यंत्र: पडदा वेगळा, ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा आणि परतलेला ऐकणारा सेन्सर) वेगळा, बॅटरी माझी, वायर माझी. एक गेलं तर एकच बदलायचं.

शेवटी गार्मिन स्ट्रायकर ४ घेतलं. साडेतीन इंची पडदा, चर्प सोनार (एकाच कंपनसंख्येऐवजी चढत जाणाऱ्या कंपनसंख्यांचा आवाज सोडणारं), जागा नोंदवायला जीपीएस, नकाशे नाहीत. लोरान्स आणि हमिनबर्डची त्याच पट्टीतली यंत्रंही मी हाताळून पाहिली, आणि माझ्या कामाला त्यांतलं कुठलंही चाललं असतं. याच्याकडे वळलो ते दोन कारणांनी. एक, ९ ते १८ व्होल्टपर्यंत काहीही दिलं तरी ते चालतं, त्यामुळे बॅटरीची निवड माझ्या हातात राहते. दुसरं, बटणं. स्पर्शाचा पडदा खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले की स्वतःच कुठेतरी जातो. बटण मात्र चिखलाच्या बोटांनीही दाबलं जातं. पडदा लहान आहे हे खरं. चष्मा लागलेल्याने पाच इंची घ्यावं. सात इंची कयाकवर नको. ते वीज जास्त खातं आणि वल्हं फिरवताना गुडघ्याच्या आड येतं.

खोलीच्या आकड्याला भुलू नका. या यंत्राच्या कागदावर गोड्या पाण्यात सुमारे ४८८ मीटर आणि खाऱ्यात सुमारे २२९ मीटर लिहिलंय (खारं पाणी आवाज जास्त शोषतं, म्हणून हा फरक). माझी नदी बहुतेक ठिकाणी दोन ते सहा मीटर. मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरांना खोलीचा आकडा लागतो, आपल्याला नाही. आपल्याला लागतो तो उथळ पाण्यातला बारकावा, आणि तो समजण्यासाठी शंकू समजून घ्यावा लागतो. ट्रान्सड्यूसरमधून आवाज शंकूसारखा पसरत खाली जातो. शंकू वीस अंशांचा असेल तर तीन मीटर खोलीवर तुम्ही जेमतेम एक मीटर रुंदीचं वर्तुळ बघत असता. पंचेचाळीस अंशांचा असेल तर अडीच मीटरचं. एवढ्या लहान वर्तुळात मासा सापडणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत जमिनीकडे धरून मांजर शोधण्यासारखं. त्यात उथळ पाण्यात कयाक डोक्यावर आली की चणक बाजूला सरतो. जाहिरातीत दिसतात तशा माशांच्या सुबक कमानी आपल्या नदीत क्वचित उमटतात. उमटतात ते तिरके ओरखडे. आणि यंत्र स्वतःहून माशाचं चित्र काढून दाखवतं ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली. पानं, बुडबुडे, प्लास्टिकची पिशवी, सगळ्यांना ते मासाच म्हणतं. उलट वागळं आणि लेपो, ज्यांच्या पोटात हवेची पिशवी नसते, ते तळाला चिकटून असले तर त्याला दिसतच नाहीत. आवाज मुख्यतः त्या पिशवीवरूनच परततो.

मग यंत्र कशाला? तळ वाचायला. आणि तळ वाचायला मला यंत्राच्या पुस्तिकेने नव्हे, मामांच्या बांबूने शिकवलं.

मामा सत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर खाजनात शेती केली आणि भरती-सुकतीला होडी घेऊन गेले. त्यांच्या होडीत एक अठरा फुटी बांबू असतो. होडी ढकलायला तोच, खोली मोजायलाही तोच. नवं यंत्र लावून पहिल्यांदा निघालो त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही पुढे चला, मी मागून येतो. तुम्ही बांबू टेकवून सांगा खाली काय आहे, मी पडद्यावर बघतो. ते हसले नाहीत, नाकही मुरडलं नाही. त्यांना हे काम पटलं. फक्त एवढंच म्हणाले, “बोरें जालें. पूण सुकतेर यो, भरतेर म्हाका बांबू पुरना.” ओहोटीला ये, भरतीला बांबू पुरत नाही.

मग माघातल्या एका सकाळी आम्ही तीन तास तेच केलं. मामा बांबू टेकवायचे आणि मोठ्याने सांगायचे: चिखल. मी बघायचो. तळाची रेघ पातळ, फिकी, कडा विस्कटलेली. रेव. रेघ जाड, पण वरून गुळगुळीत. जांभा. रेघ जाड, लख्ख, आणि तिच्या खाली दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी अंधुक रेघ. ही दुसरी रेघ म्हणजे तळावरून परतलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली गेला आणि पुन्हा वर आला. कठीण तळाशिवाय एवढा जोर उरत नाही. ती दिसण्यासाठी पडद्याची मर्यादा हाताने दुप्पट करून ठेवायला लागते. यंत्रावर सोडलं तर ते तळ पडद्याच्या पायथ्याशी बसवून मोकळं होतं आणि दुसरी रेघ कापली जाते. तीन मीटर पाणी असेल तर मी मर्यादा सहा-सात मीटरवर ठेवतो. कालवांचा थर सगळ्यात वेगळा: रेघ कठीण, पण वरची कड करवतीसारखी. बांबूला तिथे खरखर लागते आणि मामा ती तळव्यात ओळखतात.

दुपारपर्यंत माझ्याकडे वहीचं दीड पान भरलं होतं. तुम्ही कुठलंही यंत्र घ्या, महागडं घ्या, पण पहिला दिवस असा घालवा. बांबू नसेल तर दोरीला शिशाचं वजन बांधा आणि टेकवून बघा. चिखलात ते रुततं, रेवेत टेकतं, खडकावर टक् करून हाताला कळतं.

आता बसवण्याबद्दल. पहिल्या यंत्राचा सेन्सर मी कयाकच्या बाजूला दांडीवर लावला होता. सोपं पडतं. पण धक्क्याच्या खांबांना कालवं लागलेली असतात, खारफुटीची मुळं असतात, आणि ओहोटीत कधी ना कधी तळ घासतोच. त्या दांडीला दोनदा मार बसला, दुसऱ्या वेळी वायर सेन्सरच्या मानेशी चिरली. म्हणून या वेळी ट्रान्सड्यूसर कयाकच्या आत, तळाला टेकवून बसवला. पॉलिथिलीनमधून आवाज बऱ्यापैकी आरपार जातो, अडतो तो हवेला. ट्रान्सड्यूसर आणि तळाच्या मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चित्र पुसट होतं. आणखी एक अडचण अशी की पॉलिथिलीनला बहुतेक गोंद धड चिकटत नाहीत. काही महिन्यांनी पोपडा निघावा तसे सुटतात आणि तिथेच हवा शिरते.

मी गोंदावर भरवसा ठेवला नाही. जुन्या योगा मॅटच्या तुकड्यातून ट्रान्सड्यूसरच्या आकाराचं भोक कापलं, तो तुकडा सीलंटने आत बसवला आणि त्या भोकात ट्रान्सड्यूसर घट्ट दाबला. निघताना त्यात वाटीभर पाणी ओततो. पाणी हवेला जागा देत नाही, आणि गोंद सुटला तरी काही बिघडत नाही. कायमचं बसवण्याआधी एक परीक्षा घ्या: कयाक पाण्यात असताना ट्रान्सड्यूसर आधी बाहेर बुडवून खोली आणि चित्र बघा, मग आत पाण्याच्या थारोळ्यात ठेवून बघा. जिथे दोन्ही चित्रं सारखी येतात तीच जागा. तळाला नक्षीच्या खोबणी किंवा दुहेरी थर असेल तिथे येणार नाहीत. आत बसवल्याचा तोटा एकच मला जाणवला. पाण्याचं तापमान म्हणून यंत्र कयाकचं तापमान सांगतं. सकाळी नऊनंतर तो आकडा मी वाचतच नाही.

खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सेटिंगची फार काळजी करू नका. उन्हाळ्यात जुवारी खारी, पावसात वरचं पाणी जवळजवळ गोडं. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४९७ मीटर, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५३४. सेटिंग चुकली तरी पाच मीटर खोलीत बारा-तेरा सेंटिमीटरचा फरक. उलट पावसाळ्याच्या शेवटी मधल्या खोलीवर एक आडवी धूसर रेघ दिसते ती बघण्यासारखी असते. वर गोडं, खाली खारं, आणि मध्ये दोघांची शिवण. गाळ आणि बारीक जीव त्या शिवणीवर तरंगून राहतात आणि आवाज त्यांच्यावरून परततो. मला ही रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी वल्हं मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो होतो.

विजेचा भाग माझा आवडीचा आहे, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. यंत्राला मी मीटर लावून पाहिलं. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून पाव अँपिअरच्या आसपास ओढतं. म्हणजे सहा अँपिअर-तासांची बॅटरी दिवसभर पुरून उरते. बहुतेक जण यूपीएसची सात अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घालतात. चालते, पण वजन दोन किलोंच्या वर, आणि दर वेळी अर्ध्याखाली उतरवली तर लवकर म्हातारी होते. मी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. चार सेल, १२.८ व्होल्ट, वजन किलोभर. पूर्ण चार्ज होताना ती १४.६ व्होल्टपर्यंत जाते, यंत्राला १८ पर्यंत चालतं, म्हणून बिनधोक. चार्जर मात्र तिचाच वापरा, शिशाच्या बॅटरीचा नको.

बॅटरी झाकणाच्या डब्यात. डब्यातून वायर बाहेर काढायला केबल ग्लँड (वायर आवळून पाणी अडवणारं बूच), कारखान्यात मोटारीच्या डब्याला लावतो तोच प्लास्टिकचा. धन वायरवर, बॅटरीच्या अगदी जवळ, तीन अँपिअरचा फ्यूज. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची. साधी तांब्याची वायर खारट हवेत इन्सुलेशनच्या आत हातभर काळी पडत जाते आणि मग कितीही तासली तरी डाख धरत नाही. जोडावर डाख, त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक नळी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्विच बॅटरीपाशी. यंत्राचं बटण बंद केलं तरी वायरच्या टोकाला बारा व्होल्ट उभे असतात, आणि माझ्या पहिल्या यंत्राची टाचणी त्या उभ्या व्होल्टांनीच खाल्ली होती. किनाऱ्याला लागलो की माझा पहिला हात त्या स्विचवर जातो, मग लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांवर.

कनेक्टरच्या टाचण्यांवर सिलिकॉन ग्रीस. घरी आल्यावर विहिरीचं पाणी, कनेक्टर जोडलेला असतानाच. मग सोडायचा, वाळवायचा, ग्रीसचा नवा थर बोटाने फिरवायचा आणि टोपी लावायची. टोपी नसेल तर विकत घ्या किंवा फुग्याचं रबर बांधा. पडवीत टांगलेल्या कयाकच्या उघड्या कनेक्टरमध्ये एका वर्षी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. माती खारट नव्हती, पण ती काढताना एक टाचणी वाकली. स्क्रू ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ ला आपल्याकडे तांबूस ठिपके पडतात. अॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा स्क्रू थेट घालू नका, मध्ये प्लास्टिकचा वॉशर ठेवा, नाहीतर पट्टी पांढरी पावडर होऊन झडते.

पडद्याला हात लावताना डासांचं मलम लावलेली बोटं दूर ठेवा. त्यातलं रसायन प्लास्टिक विरघळवतं. काचेसाठीचा अमोनियाचा फवाराही नको. ओलं मऊ फडकं पुरेसं. ध्रुवीकृत काचेचा गॉगल वापरत असाल तर यंत्र बसवण्याआधी गॉगल घालून पडदा बघा. काही कोनांत तो पूर्ण काळा दिसतो आणि माणूस यंत्र बिघडलं समजून हवालदिल होतो.

सुरक्षेचं दोन ओळींत. खनिजाची बार्ज गेली की तिच्या लाटा काठाला आपटून परत येतात, तेव्हा नाक लाटेकडे करा आणि पडद्याकडे बघू नका. कुंभारजुव्याच्या कालव्याकडे मगरी आहेत. आमच्या बोरी-दुर्भाट भागात पौषात चिखलाची मगर करून पुजतात, माणगे थापणी म्हणतात त्याला. तिच्या वाटेत न जाणं हाही त्या पूजेचाच भाग आहे असं मामा मानतात आणि मीही. आणखी एक: मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, झालेली असते. ज्याने ती घेतली त्याचं जाळं लागलेलं असताना समोर गरी टाकू नका, यंत्राने कितीही सुंदर डोह दाखवला तरी. विचारलं तर बहुतेक जण जाळं काढल्यावर टाकू देतात.

या यंत्राने तीन पावसाळे काढले. परवा कनेक्टर सोडून बघितला. ग्रीस मळकट झालं होतं, टाचण्या पिवळ्या लख्ख. वायर एकदा बदलली, फ्यूज एकदा, योगा मॅटचा तुकडा एकदा. जागा आता मी दर महिन्याला वहीत उतरवतो.

टिकाऊपणाचा मी एवढा ध्यास का घेतो, त्यामागे माशांखेरीज दुसरं कारण आता आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर मामांनी विचारलं होतं, “तुजें यंत्र बांदाचो पांय पळोवंक शकता?” बांधाचा पाय बघता येईल का? त्यांच्या खाजनाच्या बांधाजवळ, मानशीच्या खालच्या अंगाला पाणी ओहोटीत जोरात सुटतं आणि तळ खरवडतं. खड्डा बांधाच्या पायाखाली शिरला की एखाद्या उधाणात बांध बसतो, आणि खारं पाणी शेतात आलं की ते शेत पुन्हा भाताला यायला कित्येक पावसाळे जातात. खेकडे वरून पोखरतात ते डोळ्यांना दिसतं. खालचं कुणाला दिसत नाही, आणि बांबू त्या ओढीत सरळ उभा राहत नाही.

जीपीएस इथे कामाचं नाही. ते काही मीटर इकडेतिकडे होतं आणि मला अर्धा मीटरसुद्धा महत्त्वाचा होता. म्हणून बांधावरच्या एका दगडी खांबाला नायलॉनची दोरी बांधली, दर मीटरला गाठ मारली, आणि पाणी थांबतं त्या वेळी, भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वीस मिनिटांत, दोरी ताणून कयाक एकेका गाठीवर धरली. प्रत्येक गाठीला खोली वहीत. भरतीच्या फरकाचा हिशेब राहावा म्हणून मानशीच्या दगडावर पाणी कुठवर आहे तेही लिहिलं. तेव्हा तीन मीटर खोलीची रेघ बांधापासून नवव्या गाठीवर होती. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात त्याच खांबाला, त्याच दोरीने, त्याच यंत्राने मोजलं: साडेसात. या वर्षी सहाव्या गाठीच्या किंचित आत आली, आणि तळाची रेघ तिथे जाड व्हायच्या ऐवजी पातळ झाली आहे, म्हणजे दगड गेले आणि चिखल उरला.

तिन्ही वर्षांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून मामांना दिले. ते तो कागद घडी करून खिशात घालून कुळांच्या बैठकीला गेले. शिमग्याच्या आधी, लहान भरतीचे दिवस बघून, तिथे जांभ्याचे दगड टाकायचं ठरलं आहे. टाकून झाले की मी दोरी बांधून पुन्हा मोजणार आहे.